‘त्रास नाय झाला’

माझ्या स्टुडिओत एकदा एक गृहस्थ बैल घेऊन आले होते. बैल सुरात हंबरतो, ते रेकॉर्ड करून द्या, असं त्यांचं म्हणणं. बैल काही जिना चढेना. म्हणून मी वायरीला वायर जोडत माईक खाली रस्त्यावर नेला, तर बैलाने तो माईक प्रेमाने चाटला आणि देवळातल्या नंदीसारखा गप्प उभा राहिला. शेवटी मालकाने स्वतः हंबरून दाखवलं. खोटं सांगत नाही, मालक पक्का काळी पाचमध्ये होता.

तर अशी गिऱ्हाइकं पचवल्यावर मला वाटत होतं, की मला वैताग आणेल असा माणूस आता जन्माला यायचा आहे. तो जन्माला आलेला होता. देवळ्याला, कांदेवाल्याच्या घरात. त्याचं नाव हेमंत.

त्याच्याकडे वळण्याआधी धंद्याबद्दल दोन शब्द. नाशिकरोडला माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत मी बसतो, काचेपलीकडच्या दुसरीत माईक. तिच्या भिंतींना कांद्याची जुनी गोणपाटं ठोकलेली आहेत, कारण सुरुवातीला फोम परवडत नव्हता. उन्हाळ्यात ती गोणपाटं तापली की खोलीत असा काही दर्प सुटतो, की गाणारे ढसाढसा रडतात. जिल्ह्यातली उत्तमोत्तम विरहगीतं माझ्याकडे मे महिन्यात झालेली आहेत. बाकी रोजचं काम म्हणजे रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, निवडणुकीची गाणी, नवरीच्या एन्ट्रीची गाणी आणि एप्रिलच्या आधी जयंतीची भीमगीतं. ती माझी सुगी. अलीकडे रिक्षावाल्या जाहिरातीत संगणकाची बाई बोलते. ती ‘गंगापूर’ असं म्हणते, की गंगापूरच्या माणसालाही आपण दुसऱ्या राज्यातले आहोत असं वाटावं. पण ती चहा मागत नाही, त्यामुळे तिचं फावलंय.

आवाज मिसळण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. त्याचं सगळं शास्त्र एवढंच, की प्रत्येकाला आपला आवाज वाढवून हवा असतो, आणि सगळ्यांचा वाढवला की कोणाचाच वाढत नाही. हे कळलेला माणूस मला स्टुडिओत भेटलेला नाही. घरातही नाही.

मिक्सिंग झालं की ते बाहेर वाजवून बघावं लागतं. मोठ्या शहरातले लोक त्यासाठी मोटारीत बसून ऐकतात म्हणे. माझी तपासणी पिंपळगाव बसवंतला होते. तिथल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसवर माझी मेहुणी मंगल सुपरवायझर आहे. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी टोप्या आणि स्वेटर घातलेल्या बाया, कारण आत गारठा, आणि प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. घड उचलायचा, फिरवायचा, डागाळलेला, बारका मणी कापायचा, घड डबीत. छताला एक स्पीकर आहे. माझं नवं गाणं त्या स्पीकरवर लागतं आणि मी दारात उभा राहून कात्र्या ऐकतो.

गाणं चांगलं असेल तर थोड्या वेळात कात्र्या ठेक्यात पडतात. बायांना कळतही नाही. गाणं वाईट असेल तर कात्र्या थांबतात आणि तोंडं सुरू होतात. “बंद करा ते!” असं एकदा ऐकलं, की मी गिऱ्हाइकाला पुन्हा गायला बसवतो. या परीक्षेने मला आजवर फसवलेलं नाही. एका आमदारकीच्या उमेदवाराच्या गाण्यावर कात्र्या थांबल्या होत्या. पुढं त्याचं डिपॉझिट गेलं.

आता हेमंत. हा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. मोटारीचे सुटे भाग तपासतो. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक दिसला तरी माल परत. पुरवठादार त्याला चळाचळा कापतात. आणि हाच माणूस संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून ‘निळी गोगलगाय’ नावाचा बँड चालवतो.

गोगलगाय जे वाजवते त्याला सायकेडेलिक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणं सुरू होतं. थोड्या वेळाने ते हरवतं. सगळे त्याला वेगवेगळ्या दिशांनी शोधायला जातात, कोणी पाण्यात बघतो, कोणी ढगात. घरच्यांनी आता पोलिसांत वर्दी द्यावी असं ठरवलं, की ते आपलं आपण दारात येऊन उभं राहतं. त्यात शब्द फार नसतात. असतात ते शनी, गुडघे, आरसे वगैरे.

यांचा पहिला अल्बम मी पिंपळगावला लावला तो दिवस पॅकहाऊसच्या इतिहासात लिहून ठेवावा असा आहे. गिटारचा पहिला किंचाळा आला आणि क्रेट वाहणाऱ्या माणसाने कंप्रेसर फुटला समजून मेन स्विच पाडला. मालकाने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि सांगितलं, “कंप्रेसर ठणठणीत हाय शेठ, गाणं बिघाडलंय.” मंगलने मला फोन केला. “दाजी, ते भूत काढा आमच्या स्पीकरातून! दोन बायांनी कात्र्या फेकल्या!” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “दाजी, ते कालचं भूत पाठवा बरं. सुट्टीवर होत्या त्या बाया ऐकायचं म्हणत्यात.”

पंधरा दिवस पॅकहाऊसमध्ये दुसरा विषय नव्हता. हेमंतला मी हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, की त्याने लगेच दुसरा अल्बम केला. मग तिसरा. मग मोजदाद राहिली नाही. लोकांकडे पाहुणे येतात तसे याच्याकडे अल्बम येत. ‘पाताळातला पंखा’ झाला, ‘आरशाचे गुडघे’ झाला. एकदा तर पावसाळ्यात एका अल्बमचं मिक्सिंग चाललेलं असताना बाहेरच्या बाकावर बसून याने पुढचा केला.

मी म्हणायचो, “अरे हेमंत, यातलं निम्मं काढून टाक की.”

“काका, आमच्यात काही फेकत नाहीत,” तो म्हणायचा. “मोठा कांदा जातो, मध्यम जातो, गोल्टीलाही गिऱ्हाईक असतं.”

गोल्टी म्हणजे गोटीएवढा बारका कांदा. तो खरंच विकला जातो. पण तो कोणी वीस मिनिटं कानात धरून बसत नाही, हे या माणसाला कोण सांगणार?

या जानेवारीत ‘शनीच्या कड्यावर सायकल’ हा नवा अल्बम बाहेर आला. यातलं शेवटचं गाणं मी गाडीत द्वारका चौकात लावलं, तेव्हा ओझर मागे पडलं तरी त्यातली सायकल स्टँडवरून निघालेली नव्हती. अल्बम वाईट होता का? नव्हता. वाईट असता तर मी सुखाने झोपलो असतो. तो नेहमीसारखा होता. इंटरनेटवर लोकांनी लिहिलं, “छान.” कोणी लिहिलं, “नेहमीप्रमाणे.” पोलंडमध्ये यांचा एक भक्त आहे. तो दर अल्बमवर निबंध लिहायचा, भांडायचा, एकदा तर त्याने हेमंतला स्वप्नात शिव्या दिल्याचं कळवलं होतं. त्याने या वेळी नुसता अंगठा पाठवला.

आणि पिंपळगाव? मी वाट पाहून शेवटी मंगलला फोन केला.

“लावलं होतं की, दाजी.”

“मग?”

“मग काय? संपलं आसंल.”

हेमंत समोरच बसला होता. त्याच्या शेजारी झुबेर. झुबेर यांचा ड्रमर, मालेगावचा. घरी पॉवरलूम, वडिलांची पाठ गेलेली, सगळा भार हा आणि याचा भाऊ यांच्यावर. वर्षानुवर्षं हा दर रविवारी झांजा चादरीत गुंडाळून मालेगावहून बसने येतो. बसमधल्या लोकांना वाटतं, पोरगा हुंड्याची पराती नेतोय. लूमच्या खडखडाटात वाढल्यामुळे याचा हात असा पक्का, की मी त्याच्या ठेक्यावर घड्याळ लावतो.

“काका,” झुबेर म्हणाला, “भाई बोल रहा अब इतवार को भी लूम पे बैठ. मैं उसको क्या बोलूँ?”

“बोल, नवा अल्बम चाललाय,” हेमंत म्हणाला.

“किधर चला है? काका, तुम सच बोलो. लोगां गाली दिए तो मैं आऊँगा. गाली खाने को आदमी रात में भी आता. मगर ये ‘ठीक है, ठीक है’ के वास्ते मैं मालेगाव से धक्के खाते नहीं आने का.”

आता आली का पंचाईत! मी आवाज वर-खाली करणारा माणूस. बँड ठेवायचा की मोडायचा याचा खटका माझ्या टेबलावर नाही. मी खोकलो, चहा मागवला, गोणपाटांकडे पाहिलं. हेमंत म्हणाला, “तुमच्या मंगलताईंनी नीट ऐकलंच नसेल. मी स्वतः येतो. माझ्यासमोर लावा.”

ठरल्याप्रमाणे आम्ही तिघे माझ्या व्हॅनमधून पिंपळगावला गेलो. आत जायचं तर सगळ्यांना जाळीची टोपी आणि पांढरा झगा घालावा लागतो. हेमंतचे केस कमरेपर्यंत. ते टोपीत कोंबल्यावर त्याचं डोकं टरबुजाएवढं झालं आणि टेबलावरच्या सगळ्या बाया एकदम खाली बघायला लागल्या. त्या दिवशी त्यांना आलेलं तेवढंच हसू.

अल्बम लागला. कात्र्या चालू. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. कात्र्या ना थांबल्या, ना ठेक्यात पडल्या. जिची-तिची आपली, बाजारात बायका चालाव्यात तशी. शेवटचं ते ओझरपर्यंतचं गाणं आलं. त्याच्या मध्यावर बाकीचे सगळे दमून गप्प होतात आणि झुबेर एकटा थोडा वेळ झांजेच्या कडेवर वाजवतो, टिक-टिक, टिकटिक-टिक. आणि मी दचकलो. सगळ्या कात्र्या एकदम ठेक्यात! डावीकडचं टेबल, उजवीकडचं टेबल, अख्खं पॅकहाऊस एका हाताने द्राक्षं कापत होतं. मी हेमंतकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. तो तोंड उघडणार इतक्यात स्पीकरमधून त्याचीच गिटार हंबरत आली आणि सगळी घडी विस्कटली.

अल्बम संपल्यावर हेमंत जवळच्या एका बाईला म्हणाला, “ताई, कसं वाटलं?”

“बरंय.”

“बरंय म्हणजे?”

बाईने त्याच्या टरबुजाकडे पाहून विचार केला. समोरचा माणूस पाहुणा आहे, त्याला दुखवायचं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. “त्रास नाय झाला,” ती म्हणाली.

मी या धंद्यात माणसं रडताना पाहिली आहेत, पण ती गोणपाटांमुळे. हेमंतचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी पाहिलेला नाही. “त्रास नाही झाला?” तो ओरडला. “कित्येक रविवार खपलो आम्ही यावर! हाई काय शे, काका?” हेमंत अहिराणीवर आला, की त्याचं खरंच दुखलंय असं समजावं.

मंगल घाईघाईने आली. “ओ दादा, ओरडू नका, माल हाय. हितं बसा. हातात काही घ्या, डोकं शांत होतं.” आणि तिने त्याच्या हातात कात्री दिली, समोर एक क्रेट सरकवला.

हेमंतने रागारागात एक घड उचलला. उजेडात धरला. फिरवला. आणि त्याच्यातला कारखान्यातला माणूस जागा झाला. एक मणी कापला. दुसरा कापला. “हा रंग बघा. हा आकार बघा. हे कसं चालतं तुम्हाला?” घड बाजूला. दुसरा घड, बाजूला. तिसऱ्याकडे तर त्याने नुसतं पाहिलं आणि टाकून दिला. बघता बघता टाकलेल्या मालाचा ढीग झाला आणि डबीत जेमतेम चार मणी उरले, पण असे, की राजाच्या ताटात ठेवावेत.

“आवो दाजी!” मंगलने कपाळावर हात मारला. “ह्याला आवरा! हा गडी सगळा जिल्हा रिजेक्ट करील!”

इकडे झुबेर भिंतीला टेकून हसत होता. हसता हसता तो खाली बसला. “काका, देखो इसको!” डोळे पुसत तो म्हणाला. “अंगूर पे इतनी कैंची! अबे, गाने पे कब चलाएगा?”

हेमंतचा हात थांबला. त्याने डबीकडे पाहिलं, मग ढिगाकडे. आणि कात्री खिशात घालून निघाला, ती मंगलने दारात काढून घेतली.

झुबेर आमच्याबरोबर परत आला नाही. हायवेला उतरला, मालेगावची बस धरायला. झांजा बगलेत. “मैं अब इतवार का नहीं आता,” तो खिडकीतून म्हणाला. “मगर कभी जोर की गाली पडे तो फोन करना काका. तुम करना. ये तो झूठ बोलेगा.” नाशिकपर्यंत मी व्हॅनमध्ये अल्बम लावला नाही. तेवढं भान मला आहे.

मार्चमध्ये माझ्याकडे भीमगीतांचा हंगाम भरात होता. बाहेरच्या बाकावर तीन गायक आणि एक ढोलकी. त्यात हेमंत उगवला. “काका, माईक घेऊन पिंपळगावला चला.”

“वेडा आहेस का? माणसं बसलीत!”

“कात्र्या रेकॉर्ड करायच्यात.”

मी त्याला सगळ्या भाषांत शिव्या दिल्या. एका गायकाने माझ्या शिव्यांना चाल सुचवली. पण या माणसाच्या हट्टापुढे कोणाचं चाललंय? दुसऱ्या दिवशी मी पॅकहाऊसच्या टेबलाखाली आडवा होऊन कात्र्यांना माईक लावत होतो आणि वरून द्राक्षांचे मणी माझ्या डोक्यात पडत होते. या वयात, या तब्येतीत.

मग हेमंतने झुबेरचा तो झांजेचा तुकडा घेतला, तेवढाच. त्याखाली कात्र्या लावल्या. गिटार लावली आणि काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हा माणूस काढत होता! शेवटी गिटारचे उरले इनमिन चार सूर. गोगलगायीच्या जन्मात पहिल्यांदा एक गाणं चहा निवायच्या आत संपलं.

ते मी पिंपळगावला लावायला गेलो तेव्हा द्राक्षांचा हंगाम शेवटाला आला होता. हेमंत आत यायला तयार नव्हता. तो बाहेर टेम्पोआड उभा राहिला, निकालाच्या दिवशी दहावीचं पोर उभं राहतं तसा.

गाणं लागलं. कात्र्या ठेक्यात पडल्या. आणि मग एकेक करून थांबल्या. बाया माना वर करून स्पीकरकडे बघायला लागल्या.

“आगं बया, ह्या आपल्याच कात्र्या!”

“आमचंच काम आम्हाला ऐकवता व्हय? बंद करा ते!”

“दिवसभर कात्री, आता गाण्यातबी कात्री! बंद करा!”

मग कोणीतरी म्हणालं, “थांबा गं, ती घासत चालती ती माझी कात्री.” झालं! “तुझी कशाची? तुझीला धार कुठाय, ती माझी.” “लावा बरं परत!” “नको, बंद करा म्हणते ना!” दोन्ही टेबलं उभी राहिली. अर्ध्या जणींना गाणं पुन्हा हवं होतं, अर्ध्या जणींना स्पीकर फोडायचा होता. मालक ऑफिसातून धावत आले आणि मंगलला म्हणाले, “गाडी भरायची बाकी आहे आणि हे काय चाललंय?” मंगल मला म्हणाली, “दाजी, तुम्ही सणासुदीलाच येत जा. हितं नका येऊ.”

मी बाहेर आलो. हेमंतला काही सांगायची गरज नव्हती, आतला आरडाओरडा हायवेपर्यंत जात होता. तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून नुसता ऐकत होता. डोळे मिटून, जणू तो आवाजही त्यानेच बसवला होता.

मी झुबेरला फोन लावला. पलीकडे लूमचा खडखडाट.

“झुबेर, शिव्या पडल्या रे.”

“जोर की?”

मी फोन पॅकहाऊसच्या दारात नेऊन धरला. आत मंगल “बसा खाली!” म्हणून ओरडत होती आणि तिला कोणी जुमानत नव्हतं. मग पलीकडचा खडखडाट थांबला. झुबेरने लूम बंद केला होता.

“काका,” तो म्हणाला, “इतवार को आता.”